कुंकू लावलेलं आरमार

आमच्या चाळीत नवीन कुणी राहायला आलं की आमचे हे त्यांना हटकून सांगतात, "आमची ही युद्धनौका रंगवते." समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग माझ्या गुडघ्यांकडे. ही बाई शिडीवर चढून बोटीला ब्रश मारत असेल हे काही त्याला पटत नाही. मग हे आतल्या बाजूला तोंड करून ओरडतात, "अगं, दाखव की जरा!" आणि मी फळीवरचा लाडवांचा डबा खाली काढते. त्यात कापसाच्या गादीवर क्रूझर, म्हणजे चपळ युद्धनौका, झोपलेल्या असतात. मोठ्यातली मोठी माझ्या मधल्या बोटाएवढी, लहान ती भुईमुगाच्या शेंगेएवढी. बघणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "नातवंडांसाठी का?"

नातवंडांसाठी नाही हो! चांगली पेन्शनीत निघालेली, शुगरच्या गोळ्या खाणारी माणसं खेळतात यांच्याशी. मोठ्या टेबलावर निळं कापड अंथरायचं, तो समुद्र. त्यावर दोन आरमारं समोरासमोर मांडायची. जहाज किती पुढे न्यायचं ते टेपनं मोजायचं आणि तोफेचा गोळा लागला की हुकला ते फासे टाकून ठरवायचं. जुन्या लढाया पुन्हा लढायच्या आणि इतिहासात जो हरला त्याला जिंकवून दाखवायचं. रविवारी सकाळी नऊला बसतात ती जेवायची वेळ टळून जाते तरी उठत नाहीत. घरच्यांचा त्रास वाचतो, असं त्यांच्याच बायका मला सांगतात.

या धंद्यात मी आले ती दुसरा धंदा बुडाला म्हणून. दादरला एका फोटो स्टुडिओत मी टचिंग करत होते. म्हणजे लग्नाच्या फोटोतले मुरूम घालवायचे, वारलेल्या आजोबांच्या एकुलत्या एक मळक्या फोटोतून माणूस वर काढायचा, काळ्यापांढऱ्या फोटोत बायकांच्या साड्या रंगवायच्या. दोन केसांच्या ब्रशनं आयुष्य काढलं. पुढे कॉम्प्युटर आला, तो माझ्यासारख्या दहा जणींचं काम एकटा करायला लागला, आणि मालकांनी एक दिवस चहा पाजून निरोप दिला. घरी बसून मी ह्यांच्या चुका काढायला लागले तेव्हा हेच म्हणाले, बाई, तुला काहीतरी काम शोधू या.

काम चालत आलं. प्रभादेवीचे पेठेसाहेब, विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आपल्या आईवडिलांचा फोटो त्यांनी कधीकाळी माझ्याकडून करून घेतला होता. पत्ता शोधत ते लालबागला आले, खुर्चीवर ताठ बसले, खिशातून काड्यापेटी काढली आणि तिच्यातून एक शिशाचं जहाज माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाले, "ताई, ज्या हातानं तुम्ही माझ्या आईच्या नथीतला मोती रंगवलात त्या हाताला हे अवघड नाही."

अवघड नव्हतं, पण मी माती केली. स्टुडिओत उजेड एका बाजूनं येतो. चेहऱ्याची डावी बाजू उजळायची, उजवीकडे सावली धरायची हे माझ्या बोटांत मुरलेलं. त्याच सवयीनं मी जहाजाची एक बाजू उजळली, दुसरी गडद केली. इतकं देखणं दिसत होतं की मी ते देवापुढे ठेवून मग पेठेसाहेबांना दिलं. त्यांनी चष्मा वर केला, जहाज टेबलावर ठेवलं आणि बोटानं हळूच उलटं फिरवलं. "ताई, जहाज वळलं की सूर्यपण वळतो का?"

हात्तिच्या! फोटोतला माणूस जागेवरून हलत नाही, जहाज दर पाच मिनिटांनी वळतं. म्हणून उजेड वरून यायला हवा, सगळीकडे सारखा. ते जहाज पुसून मी पुन्हा रंगवलं, आणि पेठेसाहेबांनी ते पुन्हा परत आणलं. यावेळी राखाडी रंग चुकला होता. ते जपानचं आरमार खेळत, आणि जपानच्या प्रत्येक गोदीचा राखाडी म्हणे वेगळा असायचा. कुठला निळसर, कुठला मातकट. रंगांच्या पट्ट्या खिडकीशी धरून ते मला तासभर समजावत राहिले. मला तेव्हा वाटलं, एवढ्याशा बोटीला एवढं कोण बघतंय? आता मला विचाराल तर मीपण तासभर समजावेन.

कामाची रीत सांगते. हल्ली जहाजं शिशाचीच असतात असं नाही. वडाळ्याला एक जण थ्री-डी मशीनवर छापून देतो, तीही चालतात. आधी साबणानं धुवायचं. मग बाटलीच्या बुचावर गोंदाच्या थेंबानं चिकटवायचं, म्हणजे धरायला मूठ मिळते. अस्तराचा हात, त्यावर मूळ रंग. मग काळपट पातळ रंग वरून सोडायचा, तो आपोआप खाचाखोचांत जाऊन बसतो आणि शिड्या, दारं, तोफांचे बुडखे दिसायला लागतात. शेवटी कोरडा हात. म्हणजे ब्रश फडक्याला पुसून पुसून जवळजवळ रिकामा करायचा आणि जहाजावरून नुसता फिरवायचा. उंचवट्यांना तेवढा फिका रंग लागतो. यात एक गंमत आहे. खऱ्या जहाजाचा जो रंग तोच एवढ्याशा जहाजाला लावला तर ते कोळशाचा तुकडा दिसतं. थोडं पांढरं मिसळावंच लागतं. किती मिसळायचं ते कुणी सांगू शकत नाही, ते डोळ्यालाच कळतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. मी हौसेनं त्यांच्या जहाजाला नांगराखाली गंजाचा ओघळ काढला. कारण खऱ्या बोटीला तो असतोच, आणि खेळणाऱ्या पोरांना तो फार आवडतो. गृहस्थ उभेच राहिले. "मॅडम, माझ्या जहाजावर गंज? मी असताना?" जसं काही मी त्यांच्या मुलीच्या चारित्र्यावर बोलले होते. दुसरा एक दादरचा तरुण, त्याला पाणबुडीवर होणाऱ्या बायकोचं नाव हवं होतं. मी म्हटलं, अरे, जी वस्तू बुडायलाच बनवली तिच्यावर बायकोचं नाव घालतोस? तो म्हणाला, काकी, पाणबुडी बुडते पण वर येते ना. लग्न झालं त्यांचं. बरं चाललंय.

पण मला सांगायचंय ते पेठेसाहेबांचं आणि राणेभाऊंचं.

राणेभाऊ घोडपदेवचे. गोदीत फिटर होते. गिरगावात एका शाळेत, एका बाकावर हे दोघं शिकले, आणि सत्तरीतही एकमेकांना शिऱ्या आणि राण्या म्हणतात. पेठेसाहेबांचं जपान, राणेभाऊंचं इंग्लंड. वर्षानुवर्षं रविवारी प्रभादेवीच्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये या दोघांची लढाई ठरलेली. राणेभाऊंची बायको गेली, मुलगा-सून कामाला, नातू कॉलेजात. आठवड्यातला तो एक दिवस सोडला तर त्या माणसाशी धड कुणी बोलत नसे. हे माझं म्हणणं नाही, त्यांनीच मला सांगितलं.

गेल्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, ते माझ्याकडे आले. जिन्याची कडा पायानं चाचपत वर आले. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, डोळ्यांचो पडदो खराब झालो. डॉक्टर म्हणतो, आहे तेवढं टिकवू, गेलं ते परत येणार नाही." राणेभाऊंचं असंच, अर्धं मालवणी, अर्धं मुंबईचं.

मी म्हटलं, "खेळाचं काय?"

"माझी जहाजं हाताला कळतात. शिऱ्याची कशी कळणार?"

ही अडचण बाहेरच्यांना समजायची नाही म्हणून सांगते. यांच्यात एक कडक रिवाज आहे. दुसऱ्याच्या जहाजाला हात लावायचा नाही. बारीक कामं असतात, तोफ मोडते, रंग जातो, म्हणून हे पाळतातच. तेव्हा राणेभाऊंना आपलं इंग्लंड चाचपून ओळखता येई, पण पलीकडचं जपान म्हणजे गडद निळ्या कापडावर गडद राखाडी जहाजं. त्यांच्या डोळ्यांना तिथे नुसता समुद्र दिसायचा.

"दर खेपेला विचारावं लागतं, शिऱ्या, तुझं ते कुठाय? आणि तो सांगतो. शांतपणे सांगतो हो! पूर्वी अर्ध्या इंचावरून माझ्या अंगावर यायचा. आता चिडत नाही. तेच मला खुपतं." त्यांनी पेला खाली ठेवला. "दिवाळीपर्यंत खेळतो. मग पेटी तुमच्याकडे आणून देतो. चांगलं घर बघून द्या."

मुलीचं स्थळ बघायला सांगावं तसं सांगून ते गेले. मला रडू आवरेना. ह्यांनी विचारलं काय झालं, तर ह्यांच्यावरच खेकसले.

पेठेसाहेबांनाही त्यांनी तेच सांगितलं होतं. पेठेसाहेब त्यावर त्यांना मूर्ख म्हणाले, गाढव म्हणाले, पण त्यांच्याकडेही उपाय नव्हता. मी सुचवलं, तुमची जहाजं दोन छटा उजळ करून देते. तर म्हणाले, जपान उजळ? राण्या आंधळा झाला तरी ते ओळखेल. मग दोघंही उगाच एकमेकांवर रागावून बसलो.

आणि दसरा आला.

पेठेसाहेबांच्या बायकोला, शुभदावहिनींना, सण म्हणजे यथासांग लागतो. शस्त्रपूजनाला सुरी, कात्री, शिवणयंत्र, मिक्सर, सगळं पाटावर. त्या दिवशी साहेब झेंडू आणायला खाली गेले होते. वहिनींच्या मनात आलं, घरात एवढ्या तोफा असताना नुसती सुरी काय पुजायची? त्यांनी कपाट उघडलं, अख्खं जपान पाटावर मांडलं आणि प्रत्येक जहाजाला ओलं हळदकुंकू लावलं. बोटानं लावलं. जहाज बोटाएवढं, तेव्हा अर्धं जहाज लाल झालं. साहेब परत आले तोवर आरतीपण झाली होती.

रंग टिकावा म्हणून वरून बिनचकाकीचं, मॅट व्हार्निश दिलेलं असतं, त्यात कुंकू असं शिरतं की विचारू नका. साहेबांनी फडक्यानं पुसायला घेतलं तर गुलाबी फराटे उठले. दोन दिवसांनी रविवार. दुसरं आरमार नाही. राण्याची दिवाळीपर्यंतची मोजके खेळ राहिलेले, ते चुकवायचे नव्हते. शेवटी तो शिस्तीचा माणूस मान खाली घालून कुंकू लावलेलं जपान घेऊन हॉलमध्ये गेला. पोरांनी काय टर उडवली म्हणता! "काका, आरमाराचं लग्न ठरलं काय?"

सोमवारी सकाळीच साहेब माझ्या दारात. पेटी ठेवली आणि बसायच्या आधी सुरू झाले. "काढून टाका सगळं! शोभा झाली माझी. त्यात हरलो. राण्यानं असा धुतला की बस. माझी डावीकडची रांग वळत होती, तर म्हणतो कसा, वळतोयस तर वळ, मी वाट बघतोय. वळतोय असं मी त्याला सांगितलं नव्हतं हं. त्यानं एकदाही विचारलं नाही की..."

आणि ते थांबले. मीपण चहा ओतायची थांबले.

"त्याला दिसत होतं," पेठेसाहेब म्हणाले. खाली बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. त्या माणसाला मी तसं कधी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "मग राहू दे कुंकू. जपानचा झेंडा लाल गोलच आहे ना?"

"काही विमानवाहू जहाजांवर होता. क्रूझरवर नव्हता. राण्याला हे माझ्याइतकंच माहीत आहे. शुभदाची चूक म्हणून एक रविवार चालून गेलं. दुसऱ्या रविवारी ते तसंच दिसलं, की त्याला कळेल मी कुणासाठी ठेवलंय. तो त्याच दिवशी उठून जाईल."

खरं होतं ते. दया कुणी केली तर राणेभाऊंना ती सहन झाली नसती. पेटी तिथेच ठेवून साहेब गेले. कुंकू तर मी त्याच दुपारी काढलं, सगळं स्वच्छ. मला काय जड होतं? पण जपान पुन्हा पहिल्यासारखं गडद राखाडी झालेलं बघून मला मुळीच बरं वाटलं नाही.

तीन-चार दिवसांनी ते परत आले ते पायऱ्या दोन-दोन चढत. हातात एक छापील चित्र. "इटली!" म्हणाले. "ताई, मी इटली घेतोय."

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. कारण इटलीच्या आरमाराला पेठेसाहेब जन्मभर नावं ठेवत आले होते. बंदरातून बाहेर न पडणारं, शोभेचं आरमार, असं त्यांचंच मत होतं. इटली खेळणाऱ्या पोरांना ते जवळ उभं करत नसत.

त्यांनी चित्र माझ्यापुढे धरलं. इटलीच्या विमानांनी आपल्याच जहाजांवर बॉम्ब टाकू नयेत म्हणून त्या लोकांनी जहाजाच्या पुढच्या डेकवर लाल-पांढरे तिरपे पट्टे मारले होते. अगदी भडक, मिठाईच्या दुकानाच्या कनातीसारखे. "खरे आहेत," साहेब म्हणाले. "पुरावा आहे. कुणी बोट ठेवू शकत नाही. आणि इंग्लंडशी इटली खरोखर लढलेली आहे."

"पण राणेभाऊ विचारतील, जपान का सोडलं?"

ते जरा घुटमळले. "जपान तुमच्याकडे आहे. कुंकू निघत नाहीये."

"निघालं की!"

"निघालेलं नाही," पेठेसाहेब मान हलवत म्हणाले. "काही केल्या निघत नाहीये."

म्हणजे बघा. माझ्या आजवरच्या कामाचा लौकिक पणाला! सगळ्या हॉलमध्ये बभ्रा होणार की मंदाताईंना साधं कुंकू काढता येत नाही. आमचे हे तर खो-खो हसायलाच लागले. पण नाही कशी म्हणणार?

मधला एक रविवार आरमाराविना बुडाला, मग वडाळ्याहून इटली छापून आली. ते काम मी कसं केलं ते माझं मला माहीत. डेक भाताच्या दाण्याहून जरा मोठं, त्यावर तिरपे पट्टे, मधूनमधून तोफा. पहिल्या जहाजाचे पट्टे मी अगदी चित्राबरहुकूम बारीक काढले, तर लांबून लाल-पांढरं मिसळून नुसतं गुलाबी दिसायला लागलं. ह्यांना गॅलरीच्या टोकाला जहाज धरून उभं केलं, मी चष्मा काढून खोलीतून बघत होते. येणारेजाणारे विचारत होते, काका, काय विकताय? मग पट्टे थोडे रुंद केले, लाल जरा भडक केलं. साहेबांनी भिंग लावून बघितलं. पट्टा रुंद झालाय हे त्यांना कळलं नसेल असं होणारच नाही. ते काही बोलले नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांनी माझी एक चूक सोडून दिलेली ती ही पहिलीच.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी हॉलमध्ये गेले. एरवी मी जात नाही, माझी जहाजं बुडताना मला बघवत नाहीत. इटली टेबलावर आली आणि एकच गिल्ला झाला. "पेठेकाका आणि इटली? आता मेलोच!" एक जण मला म्हणाला, "ताई, कुंकू नाही निघालं?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, फार चिवट निघालं." जीभ जड झाली हे म्हणताना.

राणेभाऊ टेबलावर वाकले. मग त्यांनी बोट पुढे केलं, जहाजाला न लावता, आणि एकेक दाखवत म्हणाले, "एक इथे. दोन तिथे. आणि ही मागे लपलेली. रे शिऱ्या, ह्या काय पताके लावून आणलेस?"

"पुरावा आहे!" पेठेसाहेब फिस्कारले. "वाचत जा काहीतरी!"

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. अर्ध्या इंचावरून भांडण. टेप तिरका धरला म्हणून भांडण. फासा टेबलाखाली गेला तो धरायचा की नाही यावरून दोघं जवळजवळ हातघाईवर आले. पेठेसाहेबांनी जराही सूट दिली नाही, इंग्लंडची दोन मोठी जहाजं बुडवली, आणि राणेभाऊ हरले. हरले आणि इतके खूश, की गळ्यातला रुमाल काढून त्यांनी घाम पुसला.

सगळं आवरल्यावर मी त्यांच्याबरोबर जिना उतरले. माझा एक कान बधिर झाला होता, कारण खेळभर राणेभाऊ बेंबीच्या देठापासून ओरडत होते. फासा पडला की "पाच!", जहाज हललं की "डावीकडे!" अख्ख्या प्रभादेवीला ऐकू जावं असं. मी म्हटलं, "राणेभाऊ, घरी तर तुम्ही किती हळू बोलता. इथे एवढे का ओरडता हो?"

त्यांनी मागे वळून बघितलं. पेठेसाहेब वर दाराला कुलूप लावत होते.

"शिऱ्याक डाव्या कानान ऐकाक येणा नाय," ते हळूच म्हणाले. "कैक वर्सां झाली. कुणाला ठाऊक नाही असं त्याला वाटतं. तुम्ही पण काही बोलू नका."

मी पायरीवर थांबलेच. "मग इटलीचं तुम्हाला..."

"इटलीचा काय?" राणेभाऊ कठड्याला धरून पुढची पायरी उतरले. "बरी आसा इटली. फुडल्या रविवारी बुडवतंय तिका."